गॅलेराचा पडलेला नोड क्लायंट न तोडता परत कसा घ्यायचा?

अंधेरीच्या सर्व्हर रूममध्ये लाइट गेली, गॅलेरा क्लस्टरच्या (एकमेकांशी डेटा जुळवून ठेवणाऱ्या डेटाबेस सर्व्हरांचा गट) तीनपैकी एक मारियाडीबी नोड, म्हणजे सर्व्हर, पडला, आणि दुकानांचं बिलिंग न थांबवता तो परत हवाय, हा तुमचा प्रश्न. उरलेल्या दोघांकडे बहुमत आहे, क्लस्टर चालूच राहतं, त्यामुळे घाई नको. आधी एचएप्रॉक्सीत (क्लायंटची ट्रॅफिक नोडांमध्ये वाटणारा प्रोग्रॅम) तो नोड मेंटेनन्सला टाका, मग मारियाडीबी सुरू करा.

खरी गोची डोनरची, म्हणजे परतणाऱ्या नोडला डेटा देणाऱ्या चालू नोडची. हुकलेले व्यवहार डोनरच्या जी-कॅशेत (अलीकडचे बदल साठवणारी जागा) असतील तर तेवढेच येतात, नाहीतर अख्खा डेटा. जी-कॅशे मुळात १२८ एमबीच. धंद्याच्या वेळेत पटकन भरतो. अख्खा डेटा पाठवायची आरसिंक पद्धत डोनरवरचं लिखाण अडवून धरते, म्हणून मारियाबॅकअप पद्धत ठेवा, डोनरचं नावही स्वतःच द्या. स्टेटस ‘सिंक्ड’ दिसेपर्यंत ट्रॅफिक सोडू नका. आणि या नोडवर बूटस्ट्रॅप (क्लस्टर नव्याने सुरू करणं) अजिबात नको, वेगळंच क्लस्टर उभं राहील.