हिरवळ ठेवावी, पण किती?

प्रश्न : पुण्यातल्या आमच्या सोसायटीत 4,000 चौरस फुटांचं लॉन आहे. एप्रिल-मेमध्ये प्यायच्या पाण्यासाठी टँकर येतात आणि त्याच वेळी लॉनवर रोज पाइप सोडलेला असतो. अर्ध्या सभासदांना लॉन काढून टाकायचंय, अर्ध्यांना मुलांसाठी हवंय. मधला मार्ग आहे का?

उत्तर : आहे. आधी हिशेब करा. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. ऐन उन्हाळ्यात लॉन हिरवंगार ठेवायचं तर दिवसाला साधारण 5 मिलिमीटर पाणी लागतं. तुमचं लॉन 372 चौरस मीटर भरतं, म्हणजे रोज सुमारे 1,850 लिटर. दहा हजार लिटरचा टँकर साडेपाच दिवसांत संपतो, आणि पाइप एकाच जागी पडून राहत असेल तर त्याहून लवकर.

आता आठवडाभर संध्याकाळी नुसतं बघा, मुलं नेमकी कुठे खेळतात. बऱ्याच सोसायट्यांत खेळाची जागा एका कोपऱ्यापुरतीच असते, बाकीचं लॉन गॅलरीतून बघण्यासाठी असतं. समजा 800 चौरस फूट खरोखर वापरात आहेत. तेवढंच हिरवं ठेवलं तर रोज 370 लिटर पुरतात. उरलेलं गवत हरळीच्या जातीचं असेल तर त्याला उन्हाळाभर झोपू द्या. वरून ते वाळून पिवळं पडेल, पण जमिनीतल्या कांड्या जिवंत राहतात. पंधरा दिवसांतून एकदा 10 मिलिमीटर पाणी द्या. चांगला पाऊस झाला की ते पुन्हा फुटतं. मात्र या काळात त्यावर वर्दळ नको आणि खतही नको. रुंद पानांचं कार्पेट गवत मात्र असं झोपत नाही, मरतं. ते असेल तर तेवढा भाग जूनमध्ये मोकळा करून तिथे जलपिंपळी लावा. ती जमिनीलगत पसरते, कमी पाण्यात तगते, बारीक फुलांवर मधमाश्या येतात. वाफ्याच्या कडेला विटा रोवून तिला आवर मात्र घालावा लागतो.

हिरव्या पट्ट्यालाही रोज पाणी देऊ नका. रोजच्या शिडकाव्याने मुळं वरच्या इंचातच घोटाळतात आणि एक दिवस पाणी चुकलं की गवत सुकतं. दर तिसऱ्या दिवशी पहाटे 15 मिलिमीटर एकदम द्या. स्प्रिंकलरखाली सरळ कडांचे चार-पाच डबे ठेवा आणि पंधरा मिनिटांनी आतलं पाणी पट्टीने मोजा. किती वेळ चालवायचं ते लगेच कळेल. तासाभराने लांब स्क्रूड्रायव्हर मातीत खुपसून बघा. तो 10 सेंटिमीटर सहज गेला तर ओल मुळांपर्यंत पोचली. मध्येच अडला तर माती दाबली गेली आहे, तिथे बागेच्या काट्याने वीतभर अंतरावर भोकं पाडा.

कापणीचं मशीन उन्हाळ्यात दीड ते दोन इंचांवर ठेवायला लावा. बोडकं कापलेलं गवत मातीवर सावली धरत नाही आणि पाणी उडून जातं. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये. बारीक कापलेलं गवत तिथेच पडू द्या, त्यातला नत्र मातीत परत जातो. कापल्यावर एक-दोन दिवसांत शेंडे पांढुरके, पिंजल्यासारखे दिसले तर पातं बोथट झालंय, धार लावून घ्या. सांडपाणी शुद्धीकरण नीट चालू असेल तर ते पाणी लॉनला चालतं. फक्त तुषार उडवू नका, आणि मुलं खेळून गेल्यावर रात्री सोडा.

प्रश्न : नाशिकच्या आमच्या बंगल्यातलं लॉन ऑगस्टपासून ठिपक्या-ठिपक्यांनी पिवळं पडतंय. साळुंक्या सारख्या उकरतात. माळी दाणेदार कीटकनाशक टाकू म्हणतो, पण घरात लहान मूल आणि कुत्रा आहे.

उत्तर : टाकू देऊ नका. लक्षणं हुमणीची, म्हणजे गवताची मुळं खाणाऱ्या अळीची आहेत, पण खात्री करून घ्या. पिवळं आणि हिरवं जिथे भेटतं तिथे एक फूट बाय एक फूट तुकडा तीन बाजूंनी सुरीने कापा आणि पायपुसण्यासारखा उलटा. मुळं कुरतडलेली असतील तर तो अलगद सुटतो. खाली पांढुरक्या, अर्धगोलात मुडपलेल्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या दिसतील. शेपटीकडचा भाग आतल्या मातीमुळे काळसर दिसतो. चौरस फुटात चार-पाचपर्यंत असतील तर त्या वेचा, तुकडा परत दाबून पाणी द्या, गवत सावरतं. त्याहून जास्त असतील तर मेटारायझियम ही उपयोगी बुरशी वापरा. हजार चौरस फुटांना 200 ग्रॅम पावडर 20 किलो चाळलेल्या शेणखतात मिसळून संध्याकाळी पसरा आणि लगेच पाणी द्या. माती दोन-तीन आठवडे ओलसर राहिली तरच ती काम करते, आणि त्या काळात बुरशीनाशक मुळीच फवारू नका. लहान अळ्यांवर ती चांगली चालते. सप्टेंबरात पोसलेल्या अळ्या हातानेच वेचाव्या लागतात. दाणेदार विषाने गांडुळंही मरतात, आणि विषारी अळ्या साळुंक्यांच्या पोटात जातात.

खरा उपाय पहिल्या वळवाच्या पावसानंतरचा. दिवेलागणीनंतर हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंब, बाभूळ, बोरीवर बसतात. रात्री आठच्या सुमारास फांद्या हलवून खाली पडलेले साबणाच्या पाण्यात बुडवा. शेजाऱ्यांनीही त्याच आठवड्यात केलं तर फरक जास्त पडतो.

प्रश्न : लॉनमध्ये आंबुशी आणि लव्हाळा माजलाय. तणनाशक मारावं का?

उत्तर : आंबुशी राहू द्या. तिच्या पानांवर नखाएवढ्या निळसर फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. लव्हाळा वेगळा. तो उपटला की खालची गाठ मातीत राहते आणि पुन्हा फुटते. पावसानंतर माती मऊ असताना खुरप्याने गाठीसकट काढा, दर पंधरा दिवसांनी, दोन पावसाळे तरी. ग्लायफोसेट हे तणनाशक मारलं तर लव्हाळ्याबरोबर लॉनही जाईल.

प्रश्न : आंब्याखाली गवत टिकत नाही. नर्सरीवाले नवी लाल माती आणि शीट लॉन (तयार गवताच्या चटया) सुचवतात, नाहीतर वेडेलिया हे जमिनीवर पसरणारं झाड.

उत्तर : तिन्ही नकोत. अडचण सावलीची आहे, मातीची नाही. शिवाय ती लाल माती बहुधा कुठल्यातरी डोंगरउतारावरून खरवडलेली असते, आणि शीटबरोबर लव्हाळाही येतो. वेडेलिया मूळची अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातली, मोकाट सुटली की ओढ्याकाठची झुडपं गिळते. आंब्याचीच पानं तिथे 5 ते 8 सेंटिमीटर जाड पसरा, बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी सोडून. दोन-तीन फरश्या आणि एक बाक टाका. पुढच्या पावसाळ्यापर्यंत खालचा थर कुजेल. तो चाळून हिरव्या पट्ट्यावर 5 मिलिमीटर जाडीने पसरा. हजार चौरस फुटांना बारा लिटरची साधारण चाळीस घमेली लागतात. पानांचं कमी पडलं तर घरच्या ओल्या कचऱ्याचं खत त्यात मिसळा.