'फूट डिफॉर्मिटी'ला 'पायाची विकृती' म्हणावे का?

प्रश्न असा आहे: हाडांची घनता आणि पावलांचा आकार मोजणाऱ्या एका संशोधनाचे माहितीपत्रक मराठीत करायचे आहे. मसुद्यात 'फूट डिफॉर्मिटी'साठी 'पायाची विकृती', 'बोन हेल्थ'साठी 'अस्थिआरोग्य' आणि 'स्कोअर'साठी 'गुण' असे शब्द योजले आहेत. ते चालतील का?

माझ्या मते तिन्ही बदलायला हवेत.

आधी 'पाय' घेऊ. मराठीत पाय म्हणजे जांघेपासून बोटांपर्यंत सगळे. 'पाय दुखतोय' म्हटले की डॉक्टरही आधी 'नेमका कुठे?' असेच विचारतात. इथे मोजायचे आहे ते घोट्याच्या खालचे, आणि त्याला आपल्याकडे 'पाऊल' हा नेमका शब्द आहे. 'पावलांवर सूज आलीय' हे कुणालाही समजते. 'पाद' हा संस्कृत शब्द शास्त्रीय वाटतो खरा, पण मराठी बोलण्यात त्याचा अर्थ काय होतो हे सांगायला नको. पावलाच्या आतले भाग सांगायलाही घरचे शब्द पुरतात: टाच (गावाकडे खोट), तळवा, चवडा, घोटा. 'अग्रपादावर भार द्या' म्हटले तर समोरची बाई बघत राहील. 'चवड्यावर उभ्या राहा' म्हटले की ती लगेच उभी राहील.

आता 'विकृती'. आयुर्वेदात प्रकृतीच्या जोडीने येते ती विकृती म्हणजे नुसता बिघाड, त्यात दोषारोप नाही. पण आजचा वाचक हा शब्द गुन्ह्यांच्या बातम्यांत वाचतो. नुकत्याच बाळंत झालेल्या बाईच्या हातात 'तुमच्या बाळाच्या पायात विकृती आहे' असा कागद देणे मला पटत नाही. 'जन्मजात व्यंग' सरकारी कागदांत रुळले आहे आणि शीर्षकापुरते चालेल. मात्र मजकुरात दोष नेमका काय आहे ते सांगावे. क्लबफूट असेल तर 'जन्मतः आत वळलेले पाऊल' म्हणावे. दवाखान्यात लोक 'वाकडे पाय' म्हणतात, तेही कंसात द्यावे. 'फेंगडा' हा शब्द मला फार आवडतो, पण इथे तो चुकीचा ठरेल. फेंगडे चालणारा माणूस पाय फाकवून टाकतो, आणि क्लबफूटमध्ये चवडा आत वळलेला व टाच वर ओढलेली असते.

या एका दोषासाठी शब्दांची एवढी काळजी का घ्यायची? कारण तो विरळा नाही, दर हजार जन्मांमागे साधारण एक बाळ असे असते. २०१३ साली पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासायच्या जन्मजात दोषांमध्ये तो आहे. बरा होण्याची वाटही चांगली आहे. डॉक्टर इग्नासियो पोनसेटी यांच्या पद्धतीत आठवड्याला प्लास्टर बदलत पाऊल हळूहळू सरळ करतात. बहुतेक बाळांची टाचेमागची ताठर शीर छोटा छेद देऊन मोकळी करावी लागते. मग मध्ये दांडा असलेले बूट, पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास आणि पुढे चार-पाच वर्षांचे होईपर्यंत झोपताना. बूट मध्येच सोडले की पाऊल पुन्हा वळते. एवढी वर्षे चिकाटी धरायची ती आईबापांनी, म्हणून त्यांना पहिल्याच पानावर शरमेचा शब्द भेटू नये.

आता 'गुण', आणि इथे सर्वांत मोठा घोटाळा होईल. क्लबफूटची तीव्रता पिरानी स्कोअरने मोजतात. सहा खुणा पाहायच्या, उदाहरणार्थ पावलाची बाहेरची कड किती वाकली आहे, टाच चाचपताना हाड लागते की पोकळ वाटते. प्रत्येक खुणेला ०, अर्धा किंवा १. बेरीज ० आली तर पाऊल सरळ, ६ आली तर दोष सर्वांत तीव्र. 'सहापैकी सहा गुण' वाचून कोणत्याही आईला आनंदच होईल! त्यात दवाखान्याच्या भाषेत 'गुण आला' म्हणजे औषध लागू पडले. म्हणून 'अंक' म्हणा, किंवा सरळ 'स्कोअर' ठेवा, आणि जास्त अंक म्हणजे दोष जास्त हे त्याच ओळीत लिहा.

हाडांच्या घनतेचा टी-स्कोअर तर उण्यातही जातो. तरुण, निरोगी व्यक्तीच्या घनतेशी तुलना करून तो काढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९४च्या निकषानुसार उणे २.५ किंवा त्याखाली गेला तर ऑस्टिओपोरोसिस. त्यासाठी 'हाडे ठिसूळ होणे' हे लोकांनीच रुळवलेले आहे आणि उत्तम आहे. फक्त यंत्र ठिसूळपणा मोजत नाही, हाडातल्या खनिजांची घनता मोजते, तेव्हा तपासणीच्या ओळीत 'घनता' हाच शब्द हवा. 'मुडदूस' मात्र यात मिसळू नका. तो ड जीवनसत्त्वाच्या अभावी मुलांची हाडे मऊ पडण्याचा आजार.

'अस्थिआरोग्य' नको याचे कारण वेगळे आहे. 'अस्थिरोगतज्ज्ञ' पाटीवर शोभतो, पण घरात 'अस्थी' हा शब्द निघतो तो सावडण्याच्या आणि विसर्जनाच्या वेळी. सत्तरीच्या आजींना 'तुमच्या अस्थींची तपासणी करू' असे कसे सांगणार? 'हाडांची मजबुती' म्हणा.

एक शब्द मी आपणहून सुचवतो: 'ठेवण'. 'फूट पोश्चर' असे जिथे येईल तिथे 'पावलाची ठेवण' लिहा. चेहऱ्याची ठेवण, दातांची ठेवण आपण म्हणतोच, आणि त्यात बरे-वाईट काही ठरवलेले नसते. ही ठेवण तपासण्याच्या 'फूट पोश्चर इंडेक्स' या पद्धतीतल्या सहा निरीक्षणांपैकी एक असे आहे की, माणूस सैल उभा असताना मागून पाहिले तर करंगळीच्या बाजूची किती बोटे दिसतात. हे मराठीत लिहायला एकही पारिभाषिक शब्द लागत नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संमतीपत्र सहभागी व्यक्तीला समजेल अशाच भाषेत हवे, आणि तिला वाचता येत नसेल तर निःपक्षपाती साक्षीदारासमोर ते वाचून दाखवावे लागते. म्हणजे तुमचा मजकूर अनेकजण वाचणार नाहीत, ऐकतील. तपासणीचा परिच्छेद मी असा लिहीन: 'तुम्हाला अनवाणी, दोन्ही पावलांवर सारखा भार देऊन उभे राहायला सांगू. पुढून आणि मागून पावलांची ठेवण पाहू. नंतर झोपवून कंबरेच्या आणि खुब्याच्या हाडांची घनता मोजू. यात टोचाटोची नाही.'