अमेरिकेतील पहिल्या गिरण्या आणि बदललेले प्रांत: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या साठ-सत्तर वर्षांत अमेरिकेत जे औद्योगिकीकरण झाले, त्याविषयी आलेल्या प्रश्नांपैकी पाच प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न: शेतीवर जगणाऱ्या या नव्या देशात कापडगिरण्या आल्या कोठून? इंग्लंडने यंत्रे विकली का?

विकली तर नाहीतच. यंत्रे आणि ती बांधू शकणारे कारागीर देशाबाहेर जाऊ नयेत, म्हणून ब्रिटिश संसदेने कायदे केले होते. त्यांपैकी कारागिरांवरील बंदी १८२४ मध्ये आणि यंत्रांच्या निर्यातीवरील बंदी १८४३ मध्ये उठली. डर्बीशरमध्ये जेडेडाया स्ट्रट याच्या गिरणीत उमेदवारी केलेला सॅम्युअल स्लेटर १७८९ मध्ये आपला व्यवसाय लपवून आणि यंत्राचा एकही आराखडा बरोबर न घेता जहाजावर चढला. ऱ्होड आयलंडमधील पॉटकेट येथे मोझेस ब्राउन या व्यापाऱ्याच्या भांडवलावर त्याने डिसेंबर १७९० मध्ये पाण्याच्या शक्तीवर सूतकताई सुरू केली. त्याचे पहिले कामगार सात ते बारा वर्षांची मुले होती, ही बाब त्याच्या कर्तबगारीच्या वर्णनात बहुधा मागे पडते.

मात्र पुढील पंधरा वर्षांत विशेष काही घडले नाही. अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन याने डिसेंबर १७९१ मध्ये उद्योगांविषयी विस्तृत अहवाल सादर केला. त्यातील आयातशुल्काच्या बऱ्याच शिफारशी स्वीकारल्या गेल्या, पण उद्योगांना थेट अनुदान देण्याची सूचना काँग्रेसने (म्हणजे अमेरिकेच्या संसदेने) बाजूला ठेवली. खरा धक्का दिला तो परराष्ट्रधोरणाने. डिसेंबर १८०७ मध्ये अध्यक्ष जेफर्सन यांनी परदेशी व्यापारावर बंदी घातली आणि १८१२ मध्ये इंग्लंडशी युद्ध पेटले. व्यापाऱ्यांची जहाजे बंदरात अडकली, विलायती कापड दुर्मीळ झाले आणि रिकामे पडलेले भांडवल गिरण्यांकडे वळले. १८०७ च्या अखेरीस सूतगिरण्या १५ आणि त्यांतील सूत कातणाऱ्या चात्या सुमारे ८,००० होत्या. १८०९ च्या अखेरीस ६२ गिरण्या चालू होत्या आणि चात्या ३१,००० वर गेल्या होत्या. उद्योग उभारण्याचा हेतू त्या बंदीमागे मुळीच नव्हता, आणि शेतकऱ्यांचे प्रजासत्ताक हा जेफर्सन यांचा आदर्श होता, हे लक्षात घेतले की इतिहासातील धोरणांच्या परिणामांविषयी थोडे सावधपणे बोलावेसे वाटते.

प्रश्न: लॉवेलच्या ‘गिरणीतील मुलीं’विषयी वाचले. त्यांची स्थिती इंग्लंडमधील कामगारांपेक्षा खरोखरच चांगली होती का?

काही काळ होती. पण त्यामागचे कारण केवळ मालकांचा उदारपणा नव्हते. बॉस्टनचा व्यापारी फ्रान्सिस कॅबट लॉवेल याने १८१० ते १८१२ या काळात इंग्लंड-स्कॉटलंडमधील गिरण्या पाहिल्या, यंत्रमागाची रचना स्मरणात साठवली आणि परतल्यावर पॉल मूडी या यंत्रज्ञाच्या मदतीने तो माग उभा केला. १८१३ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीच्या वॉल्थम येथील गिरणीत कापूस पिंजण्यापासून कापड विणण्यापर्यंतची सगळी कामे एकाच छताखाली आली. लॉवेल १८१७ मध्ये वारला, आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मेरिमॅक नदीच्या धबधब्याजवळ वसवलेल्या गावाला त्याचे नाव दिले. १८२० च्या सुमारास तेथे शेते होती. १८४० मध्ये वीस हजारांवर वस्ती होती.

न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्यांत, जमीन तुटपुंजी असली तरी पश्चिमेकडे ती मुबलक होती, त्यामुळे पुरुष गिरणीत टिकत नसत. म्हणून शेतकऱ्यांच्या अविवाहित मुलींना बोलावण्यात आले, आणि त्यांचे आईवडील निर्धास्त राहावेत यासाठी देखरेखीची वसतिगृहे, चर्चला जाण्याची सक्ती आणि रोख मजुरी अशी व्यवस्था करण्यात आली. कामाचा आठवडा सुमारे ७३ तासांचा होता. १८३४ मध्ये मजुरी कापल्यावर आणि १८३६ मध्ये वसतिगृहाचा खर्च वाढल्यावर या मुलींनी संप केले, आणि १८४५ मध्ये सारा बॅगली हिच्या नेतृत्वाखालील संघटनेने दहा तासांच्या दिवसासाठी मॅसॅच्युसेट्स राज्याच्या विधिमंडळाकडे अर्ज केले. विधिमंडळाच्या समितीने साक्षी घेतल्या आणि कायदा करणे आपले काम नाही, असा निर्वाळा दिला. त्यानंतर दुष्काळाने देशोधडीला लागलेले आयरिश लोक आले. ज्यांना परत जायला शेत होते त्या मुली हळूहळू निघून गेल्या, आणि ज्यांना नव्हते ते मागांवर उभे राहिले. माझ्या मते मालकांचा उदारपणा तेथेच संपला.

प्रश्न: उत्तर औद्योगिक आणि मुक्त, दक्षिण शेतीप्रधान आणि गुलामगिरीची, अशी विभागणी आपण शिकतो. ती कितपत बरोबर आहे?

नकाशा म्हणून बरोबर आहे, पण अर्थव्यवस्थेचे वर्णन म्हणून दिशाभूल करणारी आहे. लॉवेलच्या गिरण्यांत येणारी रुई गुलामांनी वेचलेली होती. १७९३ मध्ये एली व्हिटनी याने सरकी वेगळी करणारे दातेरी यंत्र बनवले, तोपर्यंत अंतर्भागात पिकणारा आखूड धाग्याचा कापूस, त्याची सरकी घट्ट चिकटलेली असल्यामुळे, फायद्याचा नव्हता. या यंत्राने सरकी काढण्याचे श्रम कमी केले, पण पेरणी, खुरपणी आणि वेचणी हातानेच करावी लागे, आणि म्हणून गुलामांची मागणी वाढली. १७९० च्या जनगणनेत गुलाम सात लाखांच्या आसपास होते. १८६० मध्ये ते साडेएकोणचाळीस लाखांवर गेले. १८०८ पासून बाहेरून गुलाम आणण्यास बंदी असल्याने व्हर्जिनिया आणि मेरीलंड यांसारख्या तंबाखूच्या जुन्या प्रांतांतून सुमारे दहा लाख माणसे अलाबामा, मिसिसिपी आणि लुईझियानाकडे नेली गेली. त्यांतील अनेकांना कुटुंबापासून तोडून विकण्यात आले.

या व्यवहारात उत्तर भाग केवळ गिऱ्हाईक नव्हता. न्यूयॉर्कच्या पेढ्या मळेवाल्यांना उचल देत, त्यांच्या मालाचा विमा उतरवत आणि तो लिव्हरपूलला पोहोचवत. ऱ्होड आयलंडमधील काही गिरण्या तर गुलामांना घालण्यासाठीच जाडेभरडे कापड विणत. मागांचे धनी आणि आसुडांचे धनी यांची अभद्र युती झाली आहे, असे मॅसॅच्युसेट्सचे चार्ल्स सम्नर १८४८ मध्ये म्हणाले, ते या संदर्भात.

मग दक्षिणेत गिरण्या का वाढल्या नाहीत, हा पुढचा प्रश्न ओघानेच येतो. त्याचे उत्तर आळसात शोधण्याची जुनी सवय टाकून द्यावी. रिचमंडच्या ट्रेडेगर लोखंड कारखान्यात गुलाम कामगार होते आणि दक्षिण कॅरोलायनात विल्यम ग्रेग याने १८४५ मध्ये ग्रॅनिटव्हिल येथे कापडगिरणी काढली; म्हणजे उद्योग अशक्य नव्हता. पण जमीन आणि माणसे विकत घेऊन कापूस पिकवण्यात जोवर भरपूर नफा होता, तोवर भांडवल दुसरीकडे जाण्याचे कारणच नव्हते. तो नफा गुलामांच्या श्रमातून येत होता.

प्रश्न: ईरी कालव्याचे एवढे महत्त्व का सांगतात?

कारण त्याने मालाच्या वाहतुकीची दिशाच बदलली. १८१७ मध्ये अध्यक्ष मॅडिसन यांनी अंतर्गत वाहतूकसोयींना केंद्राचा पैसा देणारे विधेयक फेटाळले, तेव्हा न्यूयॉर्क राज्याने गव्हर्नर डेविट क्लिंटन यांच्या आग्रहाने स्वतः कर्जरोखे काढून ईरी सरोवराला हडसन नदीशी जोडणारा ३६३ मैलांचा, ४० फूट रुंद आणि अवघा ४ फूट खोल असा कालवा खणला. १८२५ मध्ये तो पुरा झाला. सरोवराकाठच्या बफेलोहून न्यूयॉर्कला एक टन माल नेण्यास पूर्वी सुमारे १०० डॉलर लागत. ते १० डॉलरच्या आसपास आले. ओहायोच्या खोऱ्यातला जो शेतमाल नदीने न्यू ऑर्लिन्सकडे जाई, त्यातला वाढता वाटा आता पूर्वेकडे येऊ लागला, आणि पश्चिमेचे हितसंबंध उत्तरेशी जुळत गेले. रॉचेस्टर पिठाच्या गिरण्यांचे शहर झाले. पश्चिमेच्या स्वस्त गव्हापुढे न्यू इंग्लंडच्या डोंगराळ शेतांचा निभाव लागेना, तेव्हा तेथील शेतकरी मेंढ्या आणि दूधदुभत्याकडे वळले. लॉवेलच्या वसतिगृहांत मुली येत राहण्यामागे हेही एक कारण होते.

प्रश्न: आयातशुल्कावरून एवढा संघर्ष का झाला? आणि भारताशी याचा काही संबंध आहे का?

आहे, आणि तो देशी उद्योगांना संरक्षण देणाऱ्या पहिल्या शुल्कापासूनच आहे. इंग्लंडशी १८१२ मध्ये पेटलेले युद्ध संपताच विलायती कापडाचा लोंढा आला आणि ऱ्होड आयलंडमधील अनेक लहान गिरण्या बंद पडल्या. १८१६ च्या कायद्याने सुती कापडावर २५ टक्के शुल्क लावले. पण त्यातील खरी मेख अशी होती की, कापड कितीही स्वस्त असले तरी त्याची किंमत चौरस वारी किमान २५ सेंट धरायची. म्हणजे वाराला सव्वासहा सेंटांचे शुल्क ठरलेलेच, आणि ते भारतातून येणाऱ्या जाड्याभरड्या स्वस्त कापडाला परवडणारे नव्हते. वॉल्थमच्या मागांवर तसेच कापड निघत होते. ही तरतूद व्हावी म्हणून लॉवेल स्वतः वॉशिंग्टनला गेला होता, आणि त्याचा भागीदार पॅट्रिक ट्रेसी जॅक्सन हा तर पूर्वी भारताशीच व्यापार करत असे.

दक्षिण कॅरोलायनाच्या जॉन कॅलहून यांनी तेव्हा या शुल्काला पाठिंबा दिला होता. १८२८ च्या कायद्याने दर फार वाढल्यावर मात्र, आपण कापूस जगाच्या बाजारभावाने विकायचा आणि माल चढ्या दराने घ्यायचा, ही दक्षिणेची तक्रार तीव्र झाली. कॅलहूनही बदलले, आणि नोव्हेंबर १८३२ मध्ये त्यांच्या राज्याने तो कायदा आपल्या हद्दीत रद्दबातल ठरवला. अध्यक्ष जॅक्सन यांनी बळाची धमकी दिली आणि १८३३ मध्ये दर हळूहळू उतरवण्याची तडजोड झाली.

१८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू होऊन दक्षिणेची बंदरे रोखली गेली, तेव्हा इंग्लंडमधील कापडगिरण्यांच्या लँकेशायर परगण्याला खानदेश, वऱ्हाड आणि गुजरातचा कापूस हवासा झाला. आपला कापूस आखूड धाग्याचा आणि बराचसा भेसळीचा म्हणून एरवी तेथे दुय्यम गणला जाई. आता त्याचे भाव कित्येक पटींनी चढले आणि मुंबईत बँका व समुद्रात भर घालून जमीन काढणाऱ्या भरणी-कंपन्यांच्या शेअरांचा सट्टा माजला. १८६५ मध्ये युद्ध संपल्याची बातमी येताच भाव कोसळले, प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे धनाढ्य बुडाले, आणि लँकेशायरचे ग्राहक पुन्हा अमेरिकन कापसाकडे वळू लागले.