रोज चालते, तरी उठताना आधार का लागतो?

प्रश्न : वय ५८. रोज पुण्यातल्या तळजाई पठारावर तासभर चालते. तरी जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो. असं का?
– एक वाचक, सहकारनगर

उत्तर : चालण्याने दमसास वाढतो, हृदयालाही फायदा होतो, ते सोडू नका. पण सपाट चालण्यात मांडीच्या स्नायूंवर पुरेसा भार येत नाही आणि वयाबरोबर ते झिजतात. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसा, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे, हात छातीशी. उठा आणि तीन आकडे मोजत सावकाश बसा. उठण्याइतकीच ताकद या सावकाश बसण्यातूनही येते. धपकन बसलात तर निम्मा व्यायाम बुडाला! १० वेळा, दोन फेऱ्या, एक दिवसाआड. सोपं वाटलं की दोन किलो तांदळाची पिशवी छातीशी धरा. मांड्या भरून आल्या तर चालेल, गुडघ्यात कळ आली तर थांबा, डॉक्टरांना दाखवा.