हॅचरीत डोकं कुठे लागतं?

ऑरेगनमधल्या बीव्हरटनहून एका वडिलांचं पत्र आहे. मुलगा बारावीत, गणितात हुशार. पण त्याला कॉम्प्युटर सायन्स नको, कोलंबिया नदीवरच्या सालमनच्या हॅचरीत, म्हणजे माशांची अंडी उबवून पिल्लं वाढवतात तिथे, काम करायचंय. 'मासे सांभाळण्यासाठी मी इथे वीस वर्षं राबलो का? कॉम्प्युटर घेतलं नाहीस तर फी भरणार नाही, असं सांगितलंय त्याला. तुम्हीही समजवा.'

नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. त्यात तुमचा पगार आहे, मित्राच्या मुलाचा पगार आहे, गावी आई-वडिलांना काय वाटेल तेही आहे. मुलाला सालमनची ओढ कशी लागली, ते कुठेच नाही. विचारलंच नाहीत ना? फीची धमकी मात्र देऊन झाली. सतरा वर्षांच्या पोराला पैशाचा धाक घातला की तो वाद घालत नाही, घरात बोलणंच सोडतो. मला काळजी वाटते ती त्याची. धमकी आजच मागे घ्या.

'अंडी उबवायची, पिल्लं नदीत सोडायची, यात डोकं कुठे लागतं?' असं तुम्ही विचारता. अहो, सोडणं सोपं आहे. स्नेक नदी आणि वरच्या कोलंबियातल्या, धोक्यात आलेल्या सालमनसाठी उद्दिष्टच आहे समुद्राकडे निघालेल्या शंभर पिल्लांमागे २ ते ६ मासे मोठे होऊन अंडी घालायला नदीत परतण्याचं, आणि बऱ्याचदा तेही गाठलं जात नाही. वाटेत धरणं, नदीच्या मुखाशी टर्न पक्षी आणि पाणकावळे टपलेले, पुढे समुद्र. दुप्पट सोडले म्हणून दुप्पट येत नाहीत. बोटुकली (बोटाएवढं पिल्लू) केवढी झाल्यावर आणि कुठल्या आठवड्यात सोडायची, टाकीत गर्दी किती ठेवायची, हे ठरवावं लागतं. जिथे परतायला हवी त्या ओढ्याच्या पाण्यात आधी काही आठवडे ठेवली, तर त्या पाण्याचा वास तिच्या लक्षात राहतो. भरभर वाढवली तर काही नर समुद्र न पाहताच वयात येतात. हूड नदीतल्या स्टीलहेडची (हा सालमनच्याच कुळातला मासा) डीएनएवरून वंशावळ लावली, तेव्हा हॅचरीत काढलेल्या प्रत्येक पिढीमागे नदीतली प्रजननक्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घटते असं दिसलं. तो अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. पिल्लांच्या पोटात तांदळाच्या दाण्याएवढे टॅग घालून कोण कुठवर पोचलं याचा हिशोब मांडतात. मुलाचं गणित तिथेच लागणार आहे.

ऑरेगन स्टेट किंवा युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये हे शिकता येतं. जोडीला संख्याशास्त्र हवंच. नोकऱ्या राज्याच्या मत्स्यखात्यात आणि मूळनिवासी जमातींच्या हॅचऱ्यांत असतात. केंद्र सरकारच्या बहुतेक जागांना नागरिकत्व लागतं, ते आधी पाहा. पगार कॉम्प्युटरपेक्षा कमी, हे खरंच आहे, आणि ते मुलाला माहीत असायला हवं. त्याने एक हंगाम हॅचरीत स्वयंसेवक म्हणून काढावा. पावसात टाक्या घासाव्या लागतात, अंडी काढायला परतलेले मासे मारावे लागतात. ते सोसलं तर निर्णय पक्का समजा.

बॉनव्हिल हॅचरी तुमच्यापासून तासाभरावर आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात चिनुक सालमन परततात, तेव्हा दोघंच जा. त्याला बोलू द्या. पुढचं पत्र त्यानेच लिहावं, मराठी मोडकंतोडकं असलं तरी चालेल.