काउचॉक सिंड्रोम: नव्या आईला दोन शब्द

ताई, काउचॉक सिंड्रोम म्हणजे हातापायांच्या नसा कमजोर करणारा आणि ऐकण्यावरही परिणाम करणारा आनुवंशिक आजार. त्यामागचा दोष एक्स गुणसूत्रावरच्या एआयएफएम१ जनुकातला. तो आईकडून मुलाकडे येतो, पण त्यात तुमचा काडीचा दोष नाही. घरच्यांना हे आधीच ठणकावून सांगा.

श्रवणयंत्र घेण्याआधी बेरा चाचणी (कानातला आवाज नसेतून मेंदूपर्यंत पोहोचतो का, ते पाहणारी) कराच. या आजारात बरेचदा आवाज कानात शिरतो, पण नस तो मेंदूपर्यंत नीट नेत नाही, म्हणून नुसता आवाज वाढवून भागत नाही. शाळेत बाईंचे ओठ दिसतील असं बसवा.

नागपूरच्या मे महिन्यात पायाची स्प्लिंट (पाऊल-घोट्याला आधार देणारा साचा) घामाने काचते. आत सुती मोजे घाला, रोज रात्री टाचा-घोटे निरखा. संवेदना कमी, त्यामुळे फोड आला तरी पोरगं सांगत नाही. तापलेल्या गच्चीवर अनवाणी तर मुळीच सोडू नका.

यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा) अर्ज मात्र आत्ताच भरा.