विकासासाठी अभियांत्रिकी: पदव्युत्तर अभ्यासक्रम निवडण्यापूर्वी

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. नेहमीच्या शाखेत पदव्युत्तर शिक्षण घ्यावे, की जागतिकीकरण आणि विकास यांवर भर देणारा अभ्यासक्रम निवडावा, हा तुझा प्रश्न आहे. माझ्या मते दुसरा मार्ग जरूर घ्यावा. मात्र ज्या विभागाने विकासाच्या नावाखाली मूळ विषयाची खोली कमी केली असेल, तिकडे फिरकूही नये.

हातपंपाचेच उदाहरण घे. १९७० च्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने भारतात घडलेला इंडिया मार्क २ हा पंप आधीच्या ओतीव लोखंडी पंपांपेक्षा कितीतरी दणकट होता. परंतु जमिनीखालच्या सिलिंडरमध्ये वरखाली होणाऱ्या दट्ट्याचे (पिस्टनचे) वॉशर झिजले, तरी पाइपांची अख्खी माळ जमिनीतून वर काढावी लागे आणि त्यासाठी तिपाई, अवजारे व प्रशिक्षित माणसे बाहेरून बोलवावी लागत. मार्क ३ मध्ये उभा पाइप रुंद करून दट्ट्या त्यातूनच वर ओढून घेण्याची सोय केली गेली. रुंद पाइप जड असतो आणि महागही पडतो, तरी मला हा बदल फार मोलाचा वाटतो, कारण दुरुस्ती कोण करणार हा प्रश्न इथे थेट पाइपाच्या व्यासात उतरला आहे.

हाच मार्क २ आफ्रिकेत गेला, तेव्हा ज्या भागांत भूजल आम्लधर्मी होते तिथे त्याचे जस्तलेपित पाइप गंजले, पाणी लालसर आणि लोखंडाच्या चवीचे येऊ लागले, आणि काही ठिकाणी लोक पुन्हा जुन्या असुरक्षित पाणवठ्यांकडे वळले. पंपात दोष नव्हता. पाण्याचा सामू, म्हणजे ते किती आम्लधर्मी आहे हे न पाहता केलेली पाइपाची निवड चुकली होती.

बांगलादेशाची कहाणी याहून गंभीर आहे. उघड्यावरच्या पाण्यातील रोगजंतू टाळण्यासाठी तिथे लाखो नलिकाकूप (कूपनलिका) खोदले गेले आणि १९९३ मध्ये त्यांतील पाण्यात आर्सेनिक असल्याचे निष्पन्न झाले. पुढे तपासणी करून सुरक्षित कूप हिरवे आणि असुरक्षित कूप लाल रंगवण्यात आले. त्यासाठी देशाने लिटरमागे ५० मायक्रोग्रॅम ही मर्यादा धरली, तर जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा १० आहे. या दोन आकड्यांच्या मधले पाणी देणारे कूप हिरवेच राहिले. अशा ठिकाणी रसायनशास्त्र, भूशास्त्र, खर्च आणि धोरण एकाच वेळी समजणारा अभियंता लागतो, आणि तो घडवणे हेच या शिक्षणाचे काम आहे, असे मला मनापासून वाटते.

तेव्हा संख्याशास्त्र, सर्वेक्षणाच्या पद्धती आणि आपल्या शाखेतले प्रगत विषय सोडू नकोस. १९८९ चा वॉशिंग्टन करार हा आंतरराष्ट्रीय करार मुख्यतः अभियांत्रिकीच्या पदवी शिक्षणाच्या परस्पर मान्यतेपुरता आहे; पदव्युत्तर अभ्यासक्रमाची पारख तुझी तुलाच करावी लागेल. विभागाकडून गेल्या काही वर्षांतले प्रबंध मागवून घे आणि त्यांत उभारलेली यंत्रणा निधी संपल्यावर कोणी जाऊन पाहिली का, सुटे भाग कुठून येत होते आणि स्थानिक सहकाऱ्यांची नावे लेखक म्हणून आली का, हे तपास. तिथल्या मार्गदर्शकांनाही हेच विचार. त्यांची उत्तरे आणि प्रबंधांची यादी मला पाठव, म्हणजे तुझ्या विषयाबद्दल सविस्तर लिहिता येईल.